काजूच्या बागेत उजेडाचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड, आजरा आणि गडहिंग्लजच्या उतारांवर ज्यांची एक-दीड एकर काजू आहे अशा शेतकऱ्यांबरोबर आम्ही मिश्र बागा उभ्या करतो. काम सुरू झाले तेव्हा हातात आराखडा होता तो कोकोचा. आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत जगातला निम्म्याहून अधिक कोको पिकतो. बदलत्या हवामानात लहान शेतकऱ्याने झाडोऱ्यासह शेती कशी करावी, यावरचे बरेचसे लिखाण त्याच पिकाभोवतीचे आहे. त्यातला गाभा एका ओळीचा आहे: पिकावर सावलीची झाडे धरा. कोकोला ते मानवते, कारण ते मुळात मोठ्या झाडांखाली वाढणारे झाड. आपल्याकडेही केरळात आणि दक्षिण कर्नाटकात ते नारळ-सुपारीच्या सावलीतच लावतात.

काजूचे नेमके उलटे आहे. काजूचा मोहोर फांदीच्या शेंड्याला येतो, आणि तोही ज्या शेंड्यावर ऊन पडते त्यालाच. दोन झाडांचे घेर एकमेकांना भिडले की खालच्या फांद्या वाळतात, फळ वर-वर सरकते. कोकोचा कागद तसाच उचलून काजूच्या मधोमध सिल्व्हर ओक किंवा फणस लावला तर सहाव्या-सातव्या वर्षी बाग हिरवीगार दिसते आणि बी मात्र निम्मी मिळते. म्हणून आमची सगळी आखणी ‘किती झाडे लावली’ यापेक्षा ‘मोहोराच्या वेळी ऊन कुठे पडते’ यावर चालते.

पहिली शिवारफेरी जानेवारीत करतो. जूनमध्ये रोपांचा टेम्पो घेऊन सगळेच येतात, तेव्हा बघण्यासारखे काही नसते. जानेवारीत मोहोर डोळ्यांसमोर असतो. कुठल्या झाडाची कुठली बाजू मोहोरली आहे, कुठली नुसती पालेदार आहे, हे शेतकरी आणि त्याच्या घरातली माणसे बोट दाखवून सांगतात. घरातली माणसे म्हणजे मुख्यतः बायका. बी वेचायला त्याच असतात, त्यामुळे कुठल्या झाडाखाली किती पडते हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते. बैठक फक्त गड्यांची घेतली तर नकाशा हमखास चुकतो.

एका कागदावर उत्तर दिशा, उताराची दिशा, बांध, शेजाऱ्याचे रान, कातळ, पाण्याची जागा आणि गव्यांची वाट एवढे काढतो. मग सावली मांडतो. आपला भाग साधारण १६ अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून पन्नासेक अंशांवरच असतो. १० मीटर उंच झाडाची सावली तेव्हा उत्तरेकडे सुमारे ८ मीटर पडते, आणि सकाळी नऊला २० मीटरपर्यंत वायव्येला. मे महिन्यात याच झाडाची सावली दुपारी पायातच असते. खड्डे मेमध्ये काढायचे म्हणून जागाही मेमध्येच बघितली की फसगत होते ती इथे. उंच झाडे उत्तरेच्या बांधावर, बुटकी दक्षिणेला, असा साधा नियम त्यातून निघतो.

साधा म्हटला तरी त्यात भांडण दडलेले आहे. आपल्या उत्तरेच्या बांधावरची सावली शेजाऱ्याच्या रानात पडणार. त्याचे काजू किंवा भात असेल तर तो पाच वर्षांनी कोयता घेऊन उभा राहतो, आणि त्याचे चुकत नाही. तेव्हा शेजाऱ्याला फेरीच्या दिवशीच बोलावतो. तो तयार नसेल तर उंच झाडे बांधापासून ४-५ मीटर आत घेतो किंवा त्या बांधावर कोकम आणि करवंदावर भागवतो. सामायिक सातबारा असेल तर भावकीतल्या सगळ्यांच्या कानावर घातल्याशिवाय खड्डा मारत नाही. उद्या झाड कुणाचे हा प्रश्न आज न विचारता लावलेली झाडे वाटणीच्या दिवशी जातात.

फेब्रुवारीत पहिले प्रत्यक्ष काम जाळरेषेचे. बागेभोवती, विशेषतः डोंगराच्या बाजूने, ३ ते ५ मीटर रुंद पट्टा गवत कापून, पाचोळा ओढून मोकळा करायचा. वणवा वरून कमी येतो, तो बहुतेक वेळा उताराच्या खालून वर चढतो, म्हणून खालच्या अंगाचा पट्टा अधिक रुंद ठेवतो. इथे एक गोष्ट आम्ही सुरुवातीला चुकवली होती. ओल टिकावी म्हणून झाडांच्या बुंध्यांशी जाड आच्छादन घालायला सांगितले. एप्रिलमध्ये वणवा आला तेव्हा तेच आच्छादन वातीसारखे पेटले आणि कलमे बुडातून भाजली. आता आच्छादन बुंध्यापासून वीतभर लांब, आणि फेब्रुवारीनंतर कडेच्या दोन ओळींतले उचलून चरात टाकायचे. वीतभर जागा सोडल्याने वाळवीही थेट सालीला लागत नाही.

मार्चमध्ये समतल रेषा आखतो. त्यासाठी यंत्र लागत नाही. दोन-दोन मीटरच्या दोन काठ्या वर बांधायच्या, मध्ये आडवी काठी, वरून ओळंबा म्हणून दोरीला दगड. अशी ‘अ’च्या आकाराची चौकट दोन जागी ठेवून, मग पाय उलटे करून पुन्हा ठेवायची. दोन्ही वेळा दोरी जिथे पडते त्यांच्या मधोमध खूण केली की ती चौकट खरी. उलटे करून बघायचा कंटाळा केला तर सगळी रेषा एका अंगाला कलते, आणि ते जुलैतल्या पहिल्या मोठ्या पावसाशिवाय कळत नाही.

झाडाच्या वरच्या अंगाला, बुंध्यापासून सुमारे २ मीटरवर, २ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल चर घेतो. एका चरात ५०० लिटर पाणी मावते. निघालेली माती खालच्या अंगाला, काठापासून फूटभर सोडून टाकायची. काठावरच टाकली तर पहिल्या पावसात परत चरात. सलग लांब चर घेऊ नये असे आम्ही आग्रहाने सांगतो, जेसीबीवाल्याला ते सोयीचे वाटते तरीही. सलग चराचे एक टोक बोटभर जरी खाली असले तरी सगळे पाणी तिकडे धावते आणि तिथून बांध फोडते. चर तुटक हवेत, एका ओळीतल्या मोकळ्या जागेसमोर खालच्या ओळीतला चर यावा असे. पश्चिमेकडच्या जास्त पावसाच्या गावांत चराला सांडवाही ठेवावा लागतो, हाताच्या पंजाएवढा, दगड लावून. तिथे पाणी अडवण्याइतकेच ते शहाणपणाने सोडणेही महत्त्वाचे.

एप्रिल-मेमध्ये खड्डे, ६० सेंटिमीटर लांब, रुंद, खोल. खड्डा झाला की त्यात दोन घागरी पाणी ओतून दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो. पाणी तसेच असेल तर खाली कातळ आहे. पहारीने तळ फोडायचा, नाही फुटला तर ती जागा सोडायची. काजू रखरखीत माळ सोसतो, पाय पाण्यात असलेले सोसत नाही. पावसाळ्यात मर झाली की लोक रोपवाटिकेला शिव्या देतात, पण उकरून बघितले तर बऱ्याचदा खड्डा म्हणजे बादली झालेली असते.

भरताना वरची चांगली माती, दोन घमेली कुजलेले शेणखत आणि किलोभर सुपर फॉस्फेट. शेणखत कुजलेलेच. कच्च्या खतात हुमणी येते आणि वाळवीलाही ते आवडते.

कलमांची निवड हा खरा पैशांचा विषय. चंदगड-आजऱ्यात वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ जास्त चालतात. सातची बी मोठी, साधारण १० ग्रॅमची, म्हणून व्यापाऱ्याला आवडते. आम्ही एकाच जातीची सलग बाग करू देत नाही. मोहोर सगळ्यांचा एकाच आठवड्यात आला आणि त्याच आठवड्यात धुके किंवा अवकाळी पाऊस झाला तर वर्ष गेले. दोन-तीन जातींमुळे मोहोर लांबतो, वेचणीची मजुरी थोडी वाढते, पण एका दणक्यात सगळे जात नाही. कलम घेताना जोड बोटाने तपासायचा, प्लॅस्टिकची पट्टी अजून आवळलेली आहे का बघायचे, आणि पिशवी उचलून बुडाला मुळांचे वेटोळे झाले आहे का ते. लावताना जोड जमिनीच्या चार बोटे वर. पट्टी काढायला विसरलेले कलम वर्षभर बरे दिसते, मग वाऱ्यात बरोबर त्या जागी मोडते.

कोकमाच्या बाबतीत तर बियांचे रोप नकोच. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. रोपे लावली तर निम्मी नर निघू शकतात आणि ते कळायला सहा-सात वर्षे जातात. मादी झाडाची कलमे घ्यायची आणि परागीकरणापुरता दहात एक नर.

अंतर ७ बाय ७ मीटर ठेवले तर एकरात ८२ झाडे बसतात. जमीन हलकी असेल तर ५ बाय ५ ची घनदाट लागवडही करतो, एकरी सुमारे १६०. तिच्याबद्दल शेवटी लिहितो, कारण तिचा प्रश्नही शेवटीच येतो.

आता बरोबरची झाडे कुठली, हा भाग सर्वांत जास्त चुकतो. मिश्र बाग म्हटले की शेवगा, पेरू, कडुनिंब ही नावे आधी येतात. ही तिन्ही काजूच्या जवळ नकोत. काजूचा मोहोर जाळणारा ढेकण्या, ज्याला चहावरचा मच्छर असेही म्हणतात, तो या तिन्हींवर जगतो. कोकोवरही तो येतो. काजूला कोवळी पालवी नसते त्या काळात त्याला राहायला घर आपणच बांधून देतो. कडुनिंब म्हणजे औषधी, मग कीड कशी येईल, असा युक्तिवाद प्रत्येक गावात ऐकायला मिळतो. ढेकण्याने तो ऐकलेला नाही.

बांधावर गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) हा आमचा कणा. मनगटाएवढ्या जाडीच्या, मीटरभर लांबीच्या काठ्या पावसाच्या सुरुवातीला अर्ध्या मीटरवर रोवायच्या. दुसऱ्या वर्षापासून तीन छाटण्या: जूनअखेर, ऑगस्ट, आणि शेवटची ऑक्टोबरमध्ये काजूला पालवी फुटण्याआधी. ही तिसरी छाटणी टाळली की बांधालगतच्या ओळीत हवा कोंडते आणि नेमके तिथेच ढेकण्या आधी दिसतो. गिरीपुष्पाच्या पाल्यावर रासायनिक खत बंद, असे सांगणारे भेटतात. हिशेब करून बघावा. १० किलो ओल्या पाल्यातून ७०-८० ग्रॅम नत्र मिळते. पूर्ण वाढलेल्या काजूला शिफारस आहे वर्षाला १ किलो नत्र, पाव किलो स्फुरद आणि पाव किलो पालाश, म्हणजे सव्वादोन किलोच्या आतबाहेर युरिया, दीड किलो सुपर फॉस्फेट आणि चारशे ग्रॅमच्या आसपास पोटॅश. ते सगळे पाल्यातून द्यायचे तर झाडागणिक सव्वाशे-दीडशे किलो पाला आणायचा कुठून? पाल्याने मातीचा पोत सुधारतो, ओल टिकते, युरियाचा थोडा भार हलका होतो. तेवढे पुरेसे आहे, त्याच्या नावावर खोटे बोलायची गरज नाही.

खत ऑगस्टमध्ये, पावसाचा जोर ओसरल्यावर, बुंध्यापासून दीड मीटरवर गोल चर काढून. जूनमध्ये मुसळधार पावसात दिलेला युरिया ओढ्याला जातो. पहिल्या वर्षी पूर्ण मात्रेचा पाव हिस्सा, दरवर्षी तेवढाच वाढवत चौथ्या वर्षी पूर्ण.

उत्तरेच्या बांधावर फणस, साग, शिवण, जांभूळ. त्यांतल्या दोन-तीन खोडांवर काळी मिरी, पन्नियूर-१ जातीची. वेल खोडाच्या ईशान्येच्या अंगाला, फूटभर अंतरावर. दक्षिण-पश्चिमेला लावला तर उन्हाळ्यात करपतो. मिरीला उन्हाळी पाणी लागते, त्यामुळे घराजवळच्या किंवा विहिरीजवळच्या बांधापुरतीच ती सुचवतो. माळावर टँकरने मिरी जगवणारे पाहिले आहेत, त्याला शेती म्हणवत नाही. काजूच्या खोडावर तर मिरी चढवूच नये. तिला सावली हवी, काजूला ऊन हवे, दोघांत एकच जिंकणार.

हत्तींचा वावर असलेल्या चंदगड-आजऱ्याच्या गावांत फणस आणि बांबू बागेजवळ आणत नाही. ते खायला हत्ती आला की काजूचे कलम त्याच्या पायाखाली जाते. रानडुकरे जास्त असतील तिथे मधल्या पट्ट्यात रताळी नकोत. हळद त्यातल्या त्यात वाचते.

मधला पट्टा म्हणजे पहिल्या तीन वर्षांचे घर चालवणारा पट्टा. काजू तिसऱ्या-चौथ्या वर्षी हाताला लागतो, तोवर शेतकऱ्याने काय करायचे याचे उत्तर नसेल तर बाकीची चर्चा व्यर्थ. ७ मीटरच्या दोन ओळींत पहिल्या वर्षी ५ मीटरचा पट्टा मोकळा मिळतो, दुसऱ्या वर्षी ४, तिसऱ्या वर्षी ३. पहिल्या वर्षी नाचणी किंवा भुईमूग, पुढे उडीद, कुळीथ, आणि तिसऱ्या वर्षी थोडी सावली सोसणारी हळद, आले, सुरण. झाडाभोवती मीटरभर गोल रिकामा. ही भांगलण काजूलाही मिळते, हा दुहेरी फायदा. उतारावर आल्याच्या सऱ्या मात्र आडव्याच हव्यात. उभ्या सऱ्या काढल्या तर समतल चरांचे सगळे काम एका पावसात धुऊन जाते.

पहिल्या दोन वर्षांत कलमाला आलेला मोहोर खुडायचा. हे पटवणे सर्वांत कठीण. लेकराच्या तोंडचा घास काढल्यासारखे वाटते लोकांना. जोडाखालून फुटणारे धुमारे मात्र न सांगता काढतात असे नाही, त्यासाठी दर महिन्याला फिरावे लागते. एक धुमारा राहिला की दोन वर्षांत कलम मरून खालचे रायवळ, म्हणजे बियांचे, झाड उभे राहते आणि शेतकरी म्हणतो, ‘वेंगुर्ला-सात म्हणून फसवलं बगा.’

ऑक्टोबरपासून डोळे उघडे. पहाटे दव, दिवसा ढगाळ, अशी हवा चार-सहा दिवस टिकली की झाडाच्या चारही अंगांची कोवळी पालवी उलटून बघायची. देठावर काळे, लांबट डाग म्हणजे ढेकण्या बसून गेला. फवारणीचे तीन टप्पे असतात: पालवी, मोहोर आणि फळधारणा. औषध कुठले ते इथे लिहीत नाही. कृषी विद्यापीठाची त्या वर्षाची शिफारस आणि बाटलीवरचे लेबल बघावे. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. मोहोराच्या वेळी फवारणी सूर्य कलल्यावर, मधमाश्या परतल्यानंतर. काजूचे परागीकरण कीटकांवर आहे, त्यांना मारून फळ धरत नाही. दुसरे, पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, ज्यांना कोकणात ओंबील म्हणतात, त्या ढेकण्या खातात. वेचणीला त्रास होतो म्हणून लोक त्यांची घरटी जाळतात. कडेच्या झाडांवरची तरी ठेवा, एवढी तडजोड बहुतेक ठिकाणी होते.

जुन्या बागांचे वेगळेच. चार-पाच मीटरवर टोकलेली रायवळ झाडे, वर आभाळ दिसत नाही. इथे नवीन काही लावण्याआधी काढावे लागते. वेचणी संपली की मेमध्ये तिसरा हिस्सा झाडे पाऊण ते एक मीटरवर कापून, फुटव्यांवर नवीन जातीचे कलम बांधायचे. सगळी एकदम कापू नयेत. एक तर उत्पन्न शून्य होते, दुसरे म्हणजे कापलेल्या खुंटावर खोडकिडीचा डोळा असतो. बुंध्याशी डिंक आणि भुसा दिसला की पटाशीने साल सोलून अळी काढायची आणि मीटरभर खोडाला ५ टक्के निंबोळी तेल चोपडायचे. अर्ध्याहून अधिक घेराची साल खाल्ली असेल तर ते झाड वाचत नाही. उपटून बागेबाहेर न्यावे. सरपण म्हणून बांधावर रचून ठेवले तर अळी तिथेच भुंगेरा होते आणि पुढच्या झाडाकडे जाते.

कागदपत्रांना एक दिवस वेगळा ठेवतो. साग, ऐन, किंजळ, जांभूळ, फणस, आंबा ही झाडे १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या रानातली असली तरी तोडायला परवानगी लागते. लावलेल्या वर्षीच ई-पीक पाहणीत बांधावरची झाडे नोंदवली की वीस वर्षांनी ही जंगलातली की लावलेली, हा वाद कमी होतो. राज्य सरकारच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेतून लागवड केली असेल तर अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते आणि पुढचा हप्ता जगलेल्या झाडांवर ठरतो. म्हणून मेलेल्या कलमांची सांधणी पुढच्या जूनची वाट न बघता ऑगस्टमध्येच उरकतो. त्यासाठी सुरुवातीलाच शंभरामागे दहा कलमे जादा आणून घराच्या पडवीत पिशवीतच वाढवायची.

राहिली ती ५ बाय ५ ची बाग. पहिली सात-आठ वर्षे तिच्याइतके उत्पन्न दुसरी बाग देत नाही. नंतर घेर भिडतात, आणि एका आड एक ओळ काढून ती १० बाय ५ वर आणायची असते. चांगले फळ देणारे, हाताने वाढवलेले झाड कोण तोडणार? कुणीच तोडत नाही. दहाव्या वर्षी ती बाग जुन्या रायवळ बागेसारखीच अंधारी झालेली असते. म्हणून आता लावतानाच काढायच्या ओळींत वेगळी जात घालतो, लवकर मोहोरणारी, लहान घेराची. नकाशावर त्या ओळींपुढे काढण्याचे साल लिहून घरच्या सगळ्यांच्या सह्या घेतो. एक प्रत शेतकऱ्याच्या सातबाऱ्याच्या पिशवीत राहते. सातव्या वर्षापासून त्या ओळींच्या आतल्या बाजूच्या फांद्या दरवर्षी वेचणीनंतर छाटत नेतो. एकदम तोडायला हात धजत नाही, पण सरपणाला फांद्या न्यायला कुणाची ना नसते. तीन पावसाळ्यांत तिथे खोडच काय ते उरते.